मॉरिशसमधील वनस्पती व प्राणी
मॉरिशसमधील वनस्पती व प्राणी : हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस सु. ८०० किमी. अंतरावर असलेले मॉरिशस हे सु. १,८६५ चौ. किमी. क्षेत्रफळाचे ज्वालामुखीजन्य बेट. ते सु. ८० लक्ष वर्षांपूर्वी समुद्रातून वर आले व कोणत्याही खंडाशी कधीच जोडलेले नव्हते. त्यामुळे वारा, सागरी प्रवाह व पक्षी यांच्याबरोबर जे येऊ शकले, तेवढेच जीव येथे रुजले. वटवाघळे वगळता एकही भूचर सस्तन प्राणी येथे मूळचा नाही. मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या अभावी कित्येक पक्ष्यांची उडण्याची शक्ती लोपली, तर चरणाऱ्या प्राण्यांची जागा महाकाय कासवांनी घेतली. येथील सु. ६९० मूळच्या सपुष्प वनस्पतींपैकी सु. २७३ जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

अरब व पोर्तुगीज खलाशांना हे बेट ठाऊक होते, परंतु त्यांनी तेथे वसाहत केली नाही. १५९८ मध्ये डच तेथे उतरले व १६३८ मध्ये त्यांनी पहिली वसाहत स्थापन केली. कबूतरांच्या कुलातील डोडो हा उडू न शकणारा पक्षी त्यानंतर थोड्याच काळात नष्ट झाला. १६६२ मधील एका जहाजफुटीनंतरची नोंद ही त्याच्याविषयीची शेवटची विश्वसनीय नोंद मानतात. खलाशांनी त्याला खाऊन संपविले ही समजूत अर्धसत्य आहे. डच वसाहतीतील माणसे मोजकीच होती व बेटाचा बराचसा भाग घनदाट अरण्याने व्यापलेला होता. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे व आग्नेय आशियातील लांब शेपटीची माकडे यांनी जमिनीवरील घरट्यांतील अंडी व पिले फस्त केली, हे त्याच्या नाशाचे अधिक संभाव्य कारण होय. डोडोचा भारताशीही संबंध आला होता. सुरत येथे दोन डोडो पाहिल्याचे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे आणि जहांगीरच्या दरबारातील मन्सूर या चित्रकाराच्या नावे सांगितले जाणारे डोडोचे रंगीत चित्र या पक्ष्याच्या अत्यंत विश्वसनीय चित्रांपैकी एक समजले जाते. महाकाय कासवांच्या दोन्ही जाती अठराव्या शतकात बेटावरून नाहीशा झाल्या. त्यांचा उपयोग मुख्यतः जहाजांवरील ताज्या मांसासाठी होई. [⟶ डोडो].

आबनुसाचे काळे लाकूड हे डचांच्या व्यापाराचे प्रमुख आकर्षण होते. १६३९ मध्ये त्यांनी जावाहून ऊस व रुसा जातीची हरणे आणली. पुढे या दोहोंनी बेटाचे स्वरूपच पालटले. १७१० मध्ये डच निघून गेले. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रेंचांनी टोळांच्या नाशासाठी १७६२ मध्ये भारतातून साळुंक्या आणल्या. एका प्राण्याकरवी दुसऱ्याचे नियंत्रण करण्याच्या आधुनिक काळातील आरंभीच्या प्रयोगांत याची गणना होते. १७६७–७२ या काळात प्रशासक असलेल्या प्येर प्वाव्र याने पांप्लमूस येथील उद्यानात लवंग व जायफळ यांची रोपे लावून डचांचा मसाल्यांवरील मक्ता मोडण्याचा प्रयत्न केला. विशेष म्हणजे बाहेरच्या वनस्पती आणणाऱ्या याच गृहस्थाच्या कारकिर्दीत, १७६९ मध्ये, जमिनीचा काही भाग, विशेषतः डोंगरउतार, वनाखाली राखण्याचे नियम झाले. जंगल तुटले की पाऊस घटतो, अशी त्याची धारणा होती.

ते नियम ऊसापुढे टिकले नाहीत. १८१० मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले आणि १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषकही होते. ऊसाची शेते वाढत गेली, तसतशी सपाटीवरील अरण्ये नाहीशी झाली. सुस्थितीतील मूळ वन आज बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावर उरले आहे. १८९९ मध्ये प्लेग आल्यावर उंदरांच्या बंदोबस्तासाठी १९०० मध्ये मुंगूस आणण्यात आले, परंतु त्यांनी पक्ष्यांचीही शिकार आरंभिली.

उरलेल्या वनांना कुऱ्हाडीपेक्षा आगंतुक वनस्पतींचा धोका अधिक आहे. ब्राझीलकडील चिनी पेरूची दाट झुडुपे मूळ वृक्षांच्या रोपांना वाढूच देत नाहीत. त्याची फळे खाऊन माकडे व डुकरे बी सर्वत्र पसरवितात. भारतात शोभेसाठी लावली जाणारी माधवी ही वेलही येथे वृक्षांना गुदमरून टाकणारे तण ठरली आहे. क्युरपीप येथील उद्यानात हायोफॉर्बी अमॅरिकॉलिस या ताडवृक्षाचा जगातील एकमेव ज्ञात वृक्ष आहे. त्याची नर व मादी फुले निरनिराळ्या वेळी पक्व होत असल्याने निसर्गतः बीज धरणे कठीण असते.

कॅल्व्हेरिया या वृक्षाचे बी डोडोच्या पचनमार्गातून गेल्याखेरीज रुजत नाही, असा तर्क १९७७ मध्ये स्टॅन्ली टेंपल यांनी मांडला. तो आकर्षक असल्याने पाठ्यपुस्तकांतही शिरला. मात्र तरुण वृक्षांचा आढळ व डोडोविना झालेले अंकुरण यांमुळे तो आता ग्राह्य धरला जात नाही.

पक्षिसंरक्षणात मात्र मॉरिशसने जगाला धडा घालून दिला. मॉरिशस केस्ट्रेल या लहान ससाण्याचे १९७४ मध्ये वन्य स्थितीत केवळ चार पक्षी ज्ञात होते. अधिवासनाश व हिवतापनिवारणासाठी फवारलेले डीडीटी ही त्याच्या ऱ्हासाची प्रमुख कारणे मानली जातात. १९७९ पासून कार्ल जोन्स यांनी पहिली अंडी काढून घेऊन कृत्रिम उबवणी केली, तेव्हा माद्यांनी पुन्हा अंडी घातली व पुढे संख्या काही शेकड्यांवर गेली. १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरलेली गुलाबी कबुतरे व १९८० च्या दशकात जेमतेम डझनभर राहिलेले एको पोपट यांनाही अशाच उपायांनी सावरण्यात आले. १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

ईशान्येकडील राउंड बेटावरून १९७९ पर्यंत बकऱ्या व १९८६ मध्ये ससे हटविल्यावर तेथील ताडवृक्ष व सापसुरळ्या यांची पुन्हा वाढ झाली. ईल ओ झेग्रेट या २६ हेक्टरांच्या बेटावर २००० मध्ये आल्डाब्राची महाकाय कासवे सोडण्यात आली. तीही परकीच, परंतु नष्ट कासवांचे काम करीत त्यांनी आबनुसाचे बी पसरविले. २०२० मध्ये याच बेटाजवळ वाकाशिओ हे जहाज खडकावर अडकून तेलगळती झाली.

मूळ सस्तन प्राण्यांपैकी काळे फलाहारी वटवाघूळ हे मूळ वृक्षांचे बीजप्रसारक आहे, पण लिची व आंबा या बाहेरून आणलेल्या फळझाडांचे ते नुकसान करते, अशी बागायतदारांची तक्रार आहे. म्हणून २०१५ पासून शासनाने त्यांची मोठ्या प्रमाणावर कत्तल केली व २०१८ मध्ये ही जाती संकटग्रस्त म्हणून नोंदविली गेली. फळझाडांवर जाळी टाकण्यासाठीही शासन अनुदान देते.