फिरलेलें देऊळ

ताडकळसच्या उत्तरेस औंढा नागनाथाचें देऊळ आहे. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तोंवर हीं दोन्ही गांवें एकाच परभणी जिल्ह्यांत मोडत. मराठी मुलखांत या स्थानास आठव्या ज्योतिर्लिंगाचा मान आहे. येथें येणारा नवखा यात्रेकरू प्रथम नंदी शोधतो. शिवालयांत नंदी देवासमोर असावयाचा; येथें तो पाठीमागें आहे. कारण विचारलें तर गांवांतील कोणीहि सांगेल, कीं नामदेव महाराज देवासमोर कीर्तनास उभे राहिले, पुजाऱ्यांनीं शिंप्याच्या मुलास मागें घालविलें, आणि देवानेंच देऊळ फिरवून भक्ताकडे तोंड केलें. नंदी तेवढा जागच्या जागीं राहिला!

इतिहासाचा अभ्यासक अशा वेळीं दगडांकडे वळतो. देवळाचा खालचा भाग यादवकालीन, कोरीव दगडांचा. वरचा भाग मागाहून विटाचुन्यानें उभारलेला. एवढी वास्तु फिरल्याची साक्ष दगड देत नाहींत. परंतु म्हणून कथा ही निव्वळ थाप ठरत नाहीं. तिचा एक साक्षीदार फार दूर, पंजाबांत आहे. इ. स. १६०४ मध्यें गुरु अर्जुनदेवांनीं सिद्ध केलेल्या आदिग्रंथांत नामदेवांचीं म्हणून ६१ पदें आहेत. त्यांतील एकांत हाच प्रसंग येतो. हीन जातीचा म्हणून धरून उठविलेला नामा आपली कांबळी घेऊन देवळामागें जाऊन बसतो, आणि देऊळ त्याच्याकडे फिरतें. पदांत औंढ्याचें नांव नाहीं. पण ही कथा निदान सव्वाचारशें वर्षांची जुनी आहे, हें त्यावरून निश्चित होतें. कर्नाटकांत उडुपीच्या कृष्णानेंहि कनकदासांसाठीं असेंच तोंड फिरविल्याचें सांगतात.

तेव्हां या कथेंतील इतिहास देऊळ फिरल्याचा नव्हे; भक्तास उठविल्याचा आहे. माणसांकडून जो न्याय मिळाला नाहीं, तो लोकांनीं देवाच्या हातून देवविला. पंढरपूरचें मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्यें दहा दिवस उपोषण करावें लागलें. नामदेवांस जाऊन तेव्हां जवळजवळ सहाशें वर्षें लोटलीं होतीं.

औंढ्यास जाल तेव्हां अरुंद पायऱ्या उतरून भूमिगत गाभाऱ्यांत दर्शन अवश्य घ्या. पण परततांना मागल्या बाजूस नंदीपाशींहि क्षणभर थांबा. आपल्या समाजानें कोणास मागें बसविलें होतें, याची खूण तेथेंच आहे.