कोल्हापूर प्रकरण आणि बेअब्रूचा कायदा

सन १८८२ च्या जुलै महिन्याच्या १७ तारखेस मुंबईच्या हायकोर्टांत ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर व ‘मराठा’चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांस चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. उभय पत्रें निघून तेव्हां अवघें दीड वर्ष झालें होतें. गुन्हा राजद्रोहाचा नव्हता. कोल्हापूर संस्थानचे कारभारी रावबहादुर महादेव वासुदेव बर्वे यांच्या बेअब्रूचा होता.

कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांस वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी त्या काळीं लोकांत बोलवा होती. त्यांत बर्व्यांचें अंग असल्याचें दाखविणारीं कांहीं पत्रें या संपादकांच्या हातीं आलीं, आणि त्यांच्या भरंवशावर त्यांनीं लेखणी चालविली. पुढें तीं पत्रें बनावट ठरलीं. दोघांनीं माफी मागितली. तथापि शिक्षा टळली नाहीं.

१८६० च्या पीनल कोडाचें ४९९ वें कलम पाहिलें म्हणजे याचें कारण उमगतें. त्यांतील पहिल्या अपवादान्वयें विधान नुसतें सत्य असून भागत नाहीं. तें लोकहितार्थ केलेलें असावें लागतें, आणि हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. सद्भावनेसही आधार आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीनें सद्भावना म्हणजे केवळ शुद्ध हेतु नव्हे, तीस योग्य खबरदारीची जोड हवी.

खोट्या कागदावरून कोणाचीही अब्रू जाऊं नये, हें निर्विवाद आहे. तेव्हां बर्व्यांची तक्रार रास्तच होती. परंतु महाराजांची खरी स्थिति काय, हा मूळ प्रश्न त्या निकालानें सुटला नाहीं. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून संपादक २६ ऑक्टोबर रोजीं सुटले. पुढील वर्षीं २५ डिसेंबर रोजीं, अहमदनगर येथें पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशीं झटापट होऊन महाराजांचा अंत झाला.

इंग्लंडनें २००९ सालीं कायदा करून बेअब्रूचा फौजदारी गुन्हा रद्द केला. आपल्याकडे सुप्रीम कोर्टानें २०१६ सालीं तो घटनेस धरून असल्याचें ठरविलें, आणि २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांत आहे. गेलेल्या अब्रूची दाद दिवाणी कोर्टांतही लागूं शकते. तुरुंगाच्या धाकानें मात्र खोट्या आरोपाबरोबर रास्त शंकेचेंही तोंड बंद होतें. आणि तिचें उत्तर मिळेपर्यंत कधीं कधीं फार उशीर झालेला असतो.