गिरणीच्या छपराखालचा निकाह

शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली की मी भाच्याच्या हाताखाली काम करतो. तो लग्नाचे फोटो काढतो आणि मी रिफ्लेक्टर धरतो. वर्गात चाळीस मुलं माझं ऐकतात, इथे एक भाचा ओरडतो, "मामू, जरा वर. अजून वर." मी निमूट वर धरतो. जनानी बाजूचे फोटो त्याची बहीण काढते. हे काही आजकालचं फॅड नाही. राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत १८९२ साली परद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला होता आणि तिथे कॅमेरा एका इंग्रज बाईच्या हाती होता. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्या बाईला पैसे वेळेवर मिळायचे का, तेवढं सांगा."

गेल्या मेच्या शेवटच्या आठवड्यात एका निकाहचं काम आलं. ठिकाण मुंबईतल्या गिरणगावातली एक जुनी गिरणी. तिचं आणि त्या घराण्याचं नाव इथे देत नाही, लोकांचा खाजगी समारंभ होता. मंडळी मोठी होती, पण भपका नव्हता. पांढरा मोगरा, हस्तिदंती रंगाचं कापड, पितळेचे दिवे. बस्स. कोपऱ्यात पाण्याचे बारीक तुषार उडवणारे पंखे लावले होते. ते बघून मला हसू आलं. याच छपराखाली एके काळी मुद्दाम वाफ आणि पाण्याचे फवारे सोडत असत, पण ते माणसांसाठी नव्हे. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो म्हणून. माणसाचं जे होईल ते होवो.

आमचे नाना, म्हणजे अम्मीचे वालिद, अशाच एका गिरणीत विणाई खात्यात होते. ही गिरणी नव्हे, पण छप्पर असंच. त्यांचं घराणं मोमीन विणकरांचं. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडची जी विणकर कुटुंबं माग गुंडाळून दक्षिणेकडे निघाली, त्यांतली काही मालेगावात थांबली, काही भिवंडीत, काही मुंबईच्या मदनपुऱ्यात. ज्यांच्या हातमागाला गिरणीच्या कापडाने मारलं, त्यांचेच नातू पुढे गिरणीत साच्यावर उभे राहिले.

छपराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्या दिवशी सगळा खेळ त्याचाच होता. विणाईच्या शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं. प्रत्येक दाताची एक बाजू पत्र्याची किंवा कौलांची, दुसरी काचेची. काचेची बाजू उत्तरेकडे. ही रचना इंग्लंडातून, लँकेशायरहून आली. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, भर उन्हाळ्यातही दुपारी ६० अंशांच्या आसपास, तोही दक्षिणेला. त्यामुळे उत्तरेच्या काचेतून ऊन येत नाही, फक्त उजेड येतो, दिवसभर एकसारखा आणि सावली न पाडणारा. विणकराला तोच हवा. हजारो उभ्या धाग्यांतला एक तुटला तर तो लगेच दिसला पाहिजे, नाहीतर कापडात दोष आणि पगारातून दंड. दोन दातांमधल्या पन्हळीतलं पावसाचं पाणी पोकळ बिडाच्या खांबांतून खाली जातं. त्या दिवशी वधूपक्षाने फुलं गुंडाळली होती ते खांब म्हणजे खरं तर पन्हाळे होते.

पण मुंबई म्हणजे लँकेशायर नव्हे. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला कललेला असतो. म्हणजे ज्या दिवसांत उन्हापासून वाचायचं, नेमकं त्याच दिवसांत उत्तरेच्या तिरप्या काचा ऊन आत घेतात. साहेबाने नकाशा आणला, सूर्य आणायचा राहून गेला. नाना सांगत की उन्हाळा लागला की काचांना चुना फासायचे. पावसाने तो धुपायचा, पुढच्या वर्षी पुन्हा फासायचे.

त्या शेडच्या काचांवर चुन्याचे जुने थर अजून होते. भाच्याने वर पाहिलं आणि लहान मुलासारखा खूश झाला. "मामू, आज सॉफ्टबॉक्स उघडायचाच नाही. आख्खं छप्परच सॉफ्टबॉक्स आहे." आणि खरंच. दुपारी साडेबाराला दुल्हनचे एकटीचे फोटो काढले. जिथे चुना शाबूत होता तिथे उजेड दुधासारखा, जिथे धुपला होता तिथे फरशीवर उन्हाचा पांढराशुभ्र तुकडा. भाचा तिला एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे, दुधातून दुधात नेत होता आणि मी उन्हाचे तुकडे अंगाने अडवत होतो. रिफ्लेक्टर शेजारच्या विटांच्या भिंतीकडे गेला की चेहऱ्यावर लालसर झाक यायची, म्हणून मला भिंतीशी फटकून उभं राहायचा हुकूम होता. निकाह असरनंतर झाला. तेव्हा सूर्य वायव्येला उतरला होता आणि त्याच काचांतून तिरकी पिवळी उन्हं काझीसाहेबांच्या वहीवर पडली होती. इजाब-कबूलचे ते फोटो भाच्याने आजवर काढलेल्यांत सर्वांत चांगले आहेत. मामा आहे म्हणून म्हणत नाही.

आता इतिहासाच्या शिक्षकाची खोड. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली. आणि बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तीही १८५४ मध्येच. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते. गिरणी आणि कॅमेरा, दोघं या शहरात एकाच वर्षीची. शेठजींचे फोटो निघाले, इमारतींचे निघाले, देवळांचे, लेण्यांचे निघाले. साच्यावर उभ्या माणसाचा सावकाश, मन लावून, चांगल्या उजेडात फोटो काढावा असं फारसं कुणाला वाटलं नाही. उजेड तर तिथेच होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचे दिवे आले, तेव्हा काचांतून अंधार आला की सुटी, हेही राहिलं नाही. काही गिरण्यांत दिवस १४-१५ तासांचा झाला. १९११ च्या कायद्याने तो १२ तासांवर आणला, तर लोकांना हायसं वाटलं म्हणे.

नानांचा फोटो एकच आहे, गिरणीच्या पासावरचा. तिकिटाएवढा, एक डोळा अर्धा मिटलेला. फोटो काढून घेणं त्यांना पसंत नव्हतं, तसवीर म्हणून. पासासाठी नाइलाजाने काढला.

विणाई खात्यात पगार इतर खात्यांहून बरा. तिथे मराठे होते, आमचे मोमीन होते. दलित कामगार मात्र नव्हते. धोट्याच्या डोळ्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि दुसऱ्याच्या तोंडचा धोटा तोंडाला लावायचा म्हणजे विटाळ, हे कारण. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला की हे खातं दलितांना खुलं करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असलीच पाहिजे. आपल्यात शिवाशिव नाही असं आपण मुसलमान छाती काढून सांगतो. मग त्या खात्यात आपले लोक शेजारी उभे असताना गप्प का होते, हे मी नानांना विचारलं नाही. विचारायच्या वयाचा झालो तेव्हा ते नव्हते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. नाना सहा महिन्यांनी बिऱ्हाड घेऊन भिवंडीला आले आणि यंत्रमागावर लागले. पुढे गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. १९९१ च्या नियमात तिसरा हिस्सा मोकळ्या मैदानांना, तिसरा घरांना असं ठरलं होतं. २००१ मध्ये नियम असा फिरवला की मूळची मोकळी जमीनच काय ती वाटणीत आली, बांधकामाखालची सुटली. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.

स्टेजच्या डाव्या अंगाला एक माग ठेवला होता. शोभेसाठी, काळा रंग देऊन, वर मोगऱ्याच्या लडी सोडून. "हाच तो इथला ओरिजिनल लूम," असं सजावटवाला पाहुण्यांना सांगत होता. मी जवळ जाऊन पाहिला. बाजूच्या बिडाच्या भागावर इंग्रजी कारखान्याचं नाव रंगाखालून उठून दिसत होतं, पण मोटर मागाहून बसवलेली होती. गिरणीत एका लांब दांड्यावरून पट्टे खाली येत आणि माग फिरत. एकेका मागाला स्वतंत्र मोटर लावायची ती आमच्याकडे. मी सजावटवाल्याला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की माग भिवंडीच्या एका भंगारवाल्याकडून वजनावर घेतला. म्हणजे एखाद्या गिरणीने मोडीत काढलेला माग भिवंडीला गेला, तिथे तीस-चाळीस वर्षं आमच्या गल्लीसारख्याच एखाद्या गल्लीत खडखडला, पुन्हा भंगारात गेला आणि मोगरा लावून गिरणीत परत आला. दुल्हा-दुल्हनचे त्याच्याजवळ बरेच फोटो निघाले. छान आले आहेत, आणि त्यात त्या पोरांचा काय दोष?

भाच्याला मी मागाचा एकट्याचा एक फोटो काढायला सांगितला. "कशाला, मामू?" म्हणाला, पण काढला. चुन्याच्या काचेखाली, नीट, तीन-चार वेळा जागा बदलून.

घरी येऊन तो अम्मीला फोनवर दाखवला. भिवंडीला आल्यावर नानांसाठी घरी कांड्या भरायचं काम तिनेच केलं होतं. तिने चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला, मोगरा बाजूला सरकवत असल्यासारखं बोट फिरवलं.

"धोटा उलटा ठेवलाय," ती म्हणाली. "डोळा फणीकडे गेलाय. अब्बा असते तर ओरडले असते."