कप्पी आणि कपाट

आईचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडलं, तेव्हा मॅट्रिकला शास्त्रात बरे मार्क पडलेला माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. नव्या घराचा जिना सडपातळ भाडेकरू गृहीत धरून बांधलेला. मुकादमाने गच्चीवर एक कप्पी टांगली. पाच हमालांनी जोर लावला. कपाट फूटभर उचललं आणि पुन्हा टेकलं.

"एका कप्पीने वजन कमी होत नाही," मी म्हणालो. "विहिरीवर पोहरा ओढतो तसं नुसतं खाली ओढायची सोय होते. दुसरी कप्पी कपाटाला बांधा, दोराचं टोक गच्चीला. ओझं दोराच्या दोन पदरांवर. अर्धं गच्ची उचलेल, अर्धं आपण."

"ते ठाऊक हाय साहेब. पर दोर कुठं पुरतोय?"

लांब दोर आणायला माणूस गेला, तेवढ्यात मी जमलेल्या मंडळींना आर्किमिडीज ऐकवला. हिएरॉन राजाचं माणसांनी आणि मालाने भरलेलं जहाज त्याने दूर बसून कप्प्यांच्या संचाने आरामात ओढलं म्हणे. हे लिहिणारा प्लुटार्क तीनेकशे वर्षांनंतरचा, तेव्हा थोडं मीठ लागलं असेल. पण हिशेब खरा. जितके पदर, तितका जोर कमी. आणि तितकाच दोर जास्त ओढायचा. निसर्ग उधार देतो, सूट देत नाही.

माझा खरा जीव फोंतानावर. 1586 साली पोप पाचव्या सिक्स्टसच्या हुकमाने या गृहस्थाने रोममधला एक इजिप्शियन स्तंभ उपटून सेंट पीटर्ससमोर उभा केला. एकसंध दगड, उंची 25 मीटर, वजन 300 टनांवर. 30 एप्रिलला काम सुरू झालं तेव्हा सुमारे 900 माणसं, 75 घोडे आणि दोर गुंडाळायचे 40 उभे रहाट होते. कप्प्या-दोरांचं तर जंगलच. सगळे दोर एकदम ताणले पाहिजेत, म्हणून कर्णा वाजला की ओढायचं, घंटा वाजली की थांबायचं. बघ्यांना तोंड उघडायची बंदी. दोर तुटायला आले तेव्हा एक खलाशी बंदी मोडून "दोरांवर पाणी घाला" असं ओरडला, ही गोष्ट फार गोड आहे. फोंतानाने 1590 साली या कामावर पुस्तक काढलं, त्यात मात्र हा खलाशी नाही.

आमच्याकडे बंदी कुठली! "डावीकडे घ्या", "अहो, उजवीकडे", "काच सांभाळा" असे निदान सात फोंताना एकदम बोलत होते. गप्प होती ती एकटी आई. पदर तोंडाशी धरून वर बघत होती.

दोर आला. आता तिघेच ओढत होते, पण तीस फूट कपाट चढवायला साठ फूट दोर. मंडळी मागे सरकत सरकत पिठाच्या गिरणीच्या दारात पोचली, तेव्हा कपाट गॅलरीला लागलं. मुकादमाने माझ्याकडे पाहून पान थुंकलं. मी ते अभिनंदन समजलो.

आईने वर येऊन आधी किल्ली लावली. कपाट रिकामं केल्याचं तिने सकाळी मला दोनदा सांगितलं होतं. खालच्या कप्प्यात, दोन लुगड्यांच्या घडीत, नानांचा काचेच्या चौकटीतला फोटो तसाच होता.

"हे गं काय?" मी म्हटलं.

"हातात धरून जिना चढवायचा धीर होईना," ती म्हणाली आणि पदराने काच पुसू लागली.