रामन राघव आणि दोन येरवडे

लहानपणी श्रीगोंद्यात कुणी जरा वेडंवाकडं वागलं की म्हातारी माणसं म्हणायची, "याला येरवड्याला टाका रे." गंमत म्हणजे कुणी चोरीमारी केली तरी हेच वाक्य. तुरुंग तसा आमच्या तालुक्यातही आहे, विसापूरला. १९३० च्या सत्याग्रहातले कैदी तिथे ठेवले होते. पण धाक मात्र येरवड्याचाच. पुढे नोकरीसाठी पुण्याला आलो, शिरूरमार्गे नगर रोडने येणारी एसटी येरवड्यातून जायला लागली, तेव्हा कळलं की तिथे तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वीकेंडला श्रीराम राघवनची १९९१ ची 'रामन राघव' पाहिली. साधारण सव्वा तासाची, व्हिडिओवर काढलेली फिल्म. थिएटरात कधी लागलीच नाही. एडिटिंग राजकुमार हिरानीचं (हो, तोच!) आणि रामन झालाय रघुवीर यादव. त्याच सुमारास टीव्हीवर तो 'मुंगेरीलाल' करून घराघरात पोचला होता. तिथेही स्वतःच्या जगात रमलेला माणूस आणि इथेही. तिथे आपण हसतो, एवढाच फरक.

आता मूळ प्रकरण. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रेल्वेलाइनच्या कडेला झोपड्यांत, फूटपाथवर झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले झाले. जड हत्याराने डोक्यात घाव. पोलिसांनी राघवला संशयावरून उचललंही होतं, पण जे वाचले त्यांच्यापैकी कुणीच हल्लेखोराला पाहिलेलं नव्हतं. सोडून द्यावं लागलं. १९६८ मध्ये पुन्हा तेच सुरू झालं. तपास क्राइम ब्रँचच्या रमाकांत कुलकर्णींकडे आला आणि २७ ऑगस्ट १९६८ ला सब इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखून पकडलं. जवळ काय सापडलं? चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. मला तरी खुनांपेक्षा या यादीचीच जास्त भीती वाटली. बराच वेळ तो काही बोलेना. मग चिकन मागितलं, ते खाल्लं, डोक्याला तेल, कंगवा मागितला आणि सगळं सांगून टाकलं. कबूल केलेले खून चाळीसच्या वर होते. लोखंडी पहार कुठे लपवली तेही त्यानेच दाखवलं.

खटला मालाडच्या दोन खुनांचा चालला, १९६९ मध्ये. आणि इथे माझ्या मते खरी हॉरर फिल्म सुरू होते, जी अजून कुणी काढलेली नाही. बचावाचे वकील म्हणाले, हा वेडा आहे, स्वतःचा बचाव करू शकत नाही. पोलिस सर्जननी महिनाभराहून जास्त निरीक्षण केलं आणि सांगितलं, वेडा नाही. बचावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतोय हे याला कळतं, पण ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही.

हा फरक केस कापावा इतका बारीक आहे. इंडियन पीनल कोडचं कलम ८४ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२) हेच विचारतं: कृत्य काय आहे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे त्या क्षणी कळण्याची ताकद होती का? कोर्टाने होती असं धरलं आणि फाशी सुनावली. राघवने अपील करायला नकार दिला!

हायकोर्टाने मग तीन मानसोपचारतज्ज्ञांची समिती नेमवली. ते त्याला पाच वेळा भेटले, दर वेळी दोनेक तास. शेवटी निरोप घेताना त्यांनी हात पुढे केला तर हा म्हणाला, मी कानूनचा प्रतिनिधी आहे, या जगातल्या माणसांना मी शिवत नाही. त्याच्या हिशेबात जगं दोन होती. एक 'कानून'चं आणि एक आपलं. आपल्याला पुरुषाची बाई करण्याचा कट चाललाय अशी त्याची खात्री होती. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर प्रोग्रॅम कुठेही क्रॅश होत नव्हता. आत सगळं जुळत होतं, फक्त बाहेरच्या जगाशी जुळत नव्हतं. कायद्याचं नाव घेणाऱ्या माणसाला कायदा कळतो की नाही, हे कोर्टाने कसं ठरवायचं?

अनुराग कश्यपच्या २०१६ च्या 'रामन राघव २.०' ने हा प्रश्न सरळ टाळलाय. सिनेमा याच्याबद्दल नाही, असं तो सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. नवाझुद्दीनचा रामन्ना आवडतं म्हणून मारतो. काम जबरदस्त, वादच नाही. पण नाव खऱ्या आजारी माणसाचं आणि भीती दुष्टपणाची, ही मिसळ मला पचली नाही.

कारण सांगतो. आमच्या नात्यातल्या एका मुलाला हाच आजार आहे. गोळ्या चालू आहेत, शेतात राबतो, मुंगीलाही इजा करत नाही. तो सिनेमा आल्यावर गल्लीतल्या पोरांनी त्याला "ए रामन राघव" म्हणायला सुरुवात केली. त्याच्या आईने दोन महिने त्याला दुकानातसुद्धा पाठवलं नाही. हा आजार असलेल्या बहुतेकांच्या हातून आयुष्यात कधीच खून होत नाही, हे त्या पोरांना कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. हसले.

खऱ्या राघवची फाशी समितीच्या अहवालामुळे जन्मठेपेवर आली. आजार बरा होण्यासारखा नाही असं डॉक्टरांचं मत होतं. त्याला येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं आणि तिथे असतानाच मानसिक आजारावरचे उपचारही चालू राहिले. म्हणजे म्हाताऱ्यांच्या तोंडचे दोन्ही येरवडे एकाच माणसाच्या वाट्याला आले. १९९५ मध्ये किडनीच्या विकाराने तो ससूनमध्ये वारला.