गोमंतकीय वादक आणि जॅझ संगीत

या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या इतिहासाशेजारीं जॅझ संगीताची हकीकत पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु तिचा एक धागा चर्चच्या दारांतूनच निघतो, म्हणून ती सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९३५ मध्यें लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकानें आपला ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आणिला. पुढें क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हेही तेथें गाजले. त्यांच्या सुरांवर नाचणारे लोक म्हणजे संस्थानिक, गोरे अधिकारी आणि शहरांतील धनिक. बल्लारपूरसारख्या रेल्वेच्या गांवीं तो सूर येण्याचें कांहींच कारण नव्हतें.

तो येथवर आणिला गोमंतकीय वादकांनीं. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत मुलांस पाश्चात्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. मिस्सेच्या गायनासाठीं तें अवश्य होतें. (सेमिनरींत ज्यांनीं ही स्वरलिपि गिरविली, त्यांस ती किती चिकाटीची विद्या आहे हें सांगावयास नको.) याच विद्येवर ते मुंबईच्या हॉटेलांत पोट भरूं लागले. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ट्रंपेट वाजवीत. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

१९५० मध्यें मुंबई राज्यांत पूर्ण दारूबंदी आली, हॉटेलांतील नाच रोडावले, आणि चित्रपटांचे स्टुडिओ हाच वादकांचा मोठा आधार झाला. तेथें कित्येकजण आधींपासूनच जात. संगीतदिग्दर्शक चाल गाऊन दाखवी. ती कागदावर उतरविणें, तिला स्वरमेळ जोडणें, प्रत्येक वाद्याचा भाग निराळा लिहून देणें, हें काम बहुधा गोमंतकीयांकडे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांना चिक चॉकलेट यांची साथ लाभली. १९५१ च्या ‘अलबेला’त तर त्यांचा ताफा पडद्यावरच दिसतो. सेबास्तियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. परंतु नामावलींत अशांचें नांव आलें तर सहायक म्हणून. हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. चाल ज्याची, मान त्याचा, हें खरें. पण ज्या वाद्यरचनेवर वरातीचा बँडही ठेका धरतो, ती लिहिणाराही कर्ताच होय.

एक नांव मात्र घरोघरीं गेलें, तेंही विचित्र रीतीनें. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील चर्चमध्यें गायनमास्तर होते. ते स्वतः मुंबईस व्हायोलिन शिकवीत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील गाण्यांत या शिष्यामुळें गुरूचें नांव आलें. पडद्यावर तें नांव सांगत नायक ईस्टरच्या भल्या मोठ्या अंड्यांतून बाहेर पडतो, आणि सारा प्रेक्षकवर्ग हंसतो; तें एका व्हायोलिन-मास्तरांचें आहे, हें त्यांतील फारच थोड्यांस ठाऊक असतें.