गाला : एका अंगरख्याची कुळकथा

माझा मावसभाऊ गोव्यात बड्या कंपन्यांचे समारंभ भरवतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे उतरलो होतो, तर रात्री अकरा वाजता हा गडी जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि समोर थर्मोकोलचा भलामोठा तक्ता. तक्त्यावर बत्तीस वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाभोवती दहा टाचण्या, आणि प्रत्येक टाचणीला नावाची चिठ्ठी. दोन दिवसांनी समुद्रकाठच्या एका हॉटेलात ‘गाला डिनर’ होतं. एक चिठ्ठी तो सारखी उपटत होता आणि दुसरीकडे खोचत होता. कोणी एक गृहस्थ होते. पहिल्या टेबलावर त्यांना जागा नव्हती, दुसऱ्यावर त्यांचे जुने भागीदार होते आणि तिसऱ्यावर बसवलं असतं तर ते रुसले असते.

“जेवण शेफ बघतो, दिवे लाइटवाला बघतो,” तो म्हणाला. “माझं खरं काम म्हणजे ह्या चिठ्ठ्या.”

तेव्हापासून ‘गाला’ हा शब्द डोक्यात घोळतोय. दुकानाच्या गाळ्याशी त्याचं काही नातं नाही, हे उघड आहे. मग हा आला कुठून?

कोशकारांचं ह्यावर एकमत नाही. काहींच्या मते हा जुन्या फ्रेंचमधला ‘गाल’, म्हणजे मौजमजा. ‘गॅलंट’ हा शब्द त्याचाच भाऊबंद. दुसरं घराणं स्पॅनिशमार्गे थेट अरबीपर्यंत जातं. तिथे शब्द आहे ‘खिलअ’: राजाने मान म्हणून दिलेलं वस्त्र. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ ‘उतरवणं’. राजाने स्वतःच्या अंगावरचं वस्त्र उतरवून समोरच्याच्या खांद्यावर घालायचं, ही त्यामागची मूळ कल्पना. पहिल्या मताच्या बाजूनेही चांगली माणसं आहेत, पण माझा जीव दुसऱ्यात अडकलाय, कारण ह्या अरबी शब्दाला आपण चांगले ओळखतो. आपल्या बखरींतली आणि पत्रांतली ‘खिलत’ ती हीच.

बगदादच्या अब्बासी खलिफांनी ही रीत थाटामाटाने चालवली. बाहीवर खलिफाच्या नावाची पट्टी विणलेली असायची, म्हणजे अंगरखा घातला की तुम्ही कोणाचे हे चारचौघांना वाचता यायचं. ह्या दरबारी कापडाची भूल युरोपलाही पडली होती. व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या खजिन्यात एक लाल राज्याभिषेकाचा झगा ठेवलाय. तो सिसिलीचा ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर ह्याच्यासाठी पालेर्मोत विणला गेला. सिंह उंटावर झेप घेतोय असं त्याच्यावर भरतकाम, आणि कडेने अरबी लिपीत मजकूर, त्यात हिजरी सन 528, म्हणजे इसवी 1133-34. पुढे पवित्र रोमन सम्राट हाच झगा घालून राज्याभिषेक करून घेत. ख्रिस्ती सम्राटाच्या खांद्यावर अरबी अक्षरं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

स्पॅनिशमध्ये ‘गाला’ म्हणजे ठेवणीतला पोशाख. माद्रिद आणि व्हिएन्ना ह्या दोन्ही ठिकाणी हाब्सबुर्ग घराणं राज्य करत होतं. व्हिएन्नाचा दरबार स्पॅनिश शिष्टाचार पाळायचा आणि तिथे वर्षातले काही दिवस ‘गालाचे दिवस’ म्हणून ठरलेले असायचे: सम्राटाचा वाढदिवस, सम्राज्ञीचा नामदिन वगैरे. त्या दिवशी दरबाऱ्याने ठेवणीतलं घालूनच यायचं. असं होता होता कपड्याचं नाव दिवसाला चिकटलं आणि दिवसाचं संध्याकाळला. पुढे इंग्रजांनी ते बागेतल्या जत्रेला लावलं आणि फ्रेंचांनी ऑपेराच्या खास प्रयोगाला. आज निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात ‘ब्लॅक टाय’ असं जे छापतात, तोच मूळ गाला. वरचा सगळा मजकूर मागाहून आलेला.

खिलतीची दुसरी वाट पूर्वेकडे आली, आणि तिच्यावरचा सर्वांत गाजलेला प्रसंग आपल्या घरचा आहे. 12 मे 1666, आग्रा. औरंगजेबाचा चांद्र पंचांगानुसार पन्नासावा वाढदिवस, म्हणजे व्हिएन्नाच्या भाषेत अगदी गालाचा दिवस. शिवाजीमहाराजांनी नजर पेश केली आणि त्यांना नेऊन उभं केलं पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत. मग खिलती निघाल्या. शहजाद्यांना मिळाली, वजीर जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंहाला मिळाली, महाराजांना नाही. पुढचं मराठी माणसाला सांगायला नको. ते भर दरबारात संतापले, रांग सोडून बाजूला गेले, आणि मागाहून समजूत घालायला खिलत पाठवली तेव्हा ती अंगावर घालायला त्यांनी साफ नकार दिला.

इतिहासकार ह्या प्रसंगाकडे राजकारण म्हणून बघतात, ते बरोबरच आहे. पण मावसभावाच्या तक्त्यासमोर बसून मला तो वेगळाच दिसला. आसनव्यवस्था चुकली होती. आणि ती चुकून चुकली होती असं मानायला मी तयार नाही. औरंगजेबाला रांगा नीट कळत होत्या.

आपल्याकडे खिलतीला साधा शब्द होता, ‘वस्त्रे’. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली म्हणजे नेमणूक झाली, निराळ्या हुकूमनाम्याचं कौतुक नव्हतं. आणि समारंभाच्या व्यवस्थेचं म्हणाल, तर 1783 मध्ये पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं तेव्हा नाना फडणीसांनी बंदोबस्ताची तपशीलवार यादी आधीच लिहून काढली होती. आजचे इव्हेंट मॅनेजर ज्याला ‘रन शीट’ म्हणतात, ती हीच. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो तेव्हा आपणही कोणाच्या तरी खांद्यावर कापडच घालतो, फक्त ते आपल्या अंगावरचं नसतं.

तर पोशाख आणि रांग ह्या दोन गोष्टी जुन्याच. गालाला तिसरी गोष्ट जोडली गेली ती जागा. सगळ्यांना माहीत असलेली आणि फार थोड्यांना परवडणारी जागा. ती तयार झाली मोनॅकोत, आणि तीही गरिबीतून.

1861 मध्ये मोनॅकोच्या राजाने माँतों आणि रोकब्रून ही दोन गावं 40 लाख फ्रँकांना फ्रान्सला देऊन टाकली. ती आधीच बंड करून हातची गेली होती. राज्याचे विसातले एकोणीस हिस्से गेले, आणि लिंबू-ऑलिव्हचं उत्पन्नही त्यांच्याबरोबर गेलं. उरला समुद्रातला एक खडक आणि त्याच्या समोरची ओसाड टेकडी. फ्रान्समध्ये 1838 पासून जुगारघरांना बंदी होती, तेव्हा राजघराण्याने ठरवलं की जुगार आपल्याकडे आणायचा. पहिले दोन-तीन ठेकेदार बुडाले, कारण तिथे पोचायलाच धड रस्ता नव्हता. 1863 मध्ये फ्राँस्वा ब्लाँ आला. जर्मनीतल्या होम्बुर्गचा कॅसिनो चालवून मुरलेला माणूस. 17 लाख फ्रँक मोजून त्याने 50 वर्षांचा मक्ता घेतला.

ब्लाँला एक गोष्ट कळली होती: जुगाऱ्याला फक्त जुगार द्यायचा नाही. लोकांनी आपण जुगाराला चाललोय असं म्हणता कामा नये. त्यांना म्हणता यायला हवं की आपण हवापालटाला, ऑपेराला, मैफलीला चाललोय. कंपनीचं नावच त्याने ‘समुद्रस्नान मंडळी’ ह्या अर्थाचं ठेवलं. 1864 मध्ये ओतेल द पारी उघडलं. 1866 मध्ये टेकडीला राजा तिसरा शार्ल ह्याच्यावरून ‘माँते कार्लो’ असं भारदस्त नाव मिळालं. 1868 मध्ये रेल्वे आली. ब्लाँ गेल्यावर, 25 जानेवारी 1879 रोजी, कॅसिनोला लागून बांधलेलं ऑपेरागृह उघडलं. वास्तुकार शार्ल गार्निए, पॅरिसच्या ऑपेराचाच. पहिल्या रात्री मंचावर सारा बर्नार्ट. प्रेक्षागृह केवढं, तर पाचशेच्या आसपास खुर्च्यांचं. आपल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या जवळपास निम्म्याएवढंच, पण सोन्याने मढवलेलं. लहान असणं हाच त्याचा डौल. पाचशे खुर्च्या असल्या की पाचशे एकावा माणूस बाहेर राहतो, आणि आतल्यांना ते ठाऊक असतं.

टेबलाचं म्हणाल, तर 1884 मध्ये माँते कार्लोच्या ग्रँड हॉटेलात दोन माणसं एकत्र आली: व्यवस्थापक सेझार रिट्झ आणि आचारी ऑगुस्त एस्कोफिए. त्याआधीच युरोपात जेवणाची पद्धत बदलली होती. पूर्वी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत, आणि जवळ बसलेल्याच्या ताटात गरम पडायचं, लांबच्याच्या थंडगार. एकोणिसाव्या शतकात रशियन रीत रुजली. एकामागून एक पदार्थ, वाढप्याच्या हातून, सगळ्यांना एकाच वेळी. म्हणजे थोडक्यात आपली पंगत. ह्या रीतीमुळे टेबल मोकळं झालं आणि त्या मोकळ्या जागेत फुलं, मेणबत्त्या, मेनूकार्ड आणि नावाची चिठ्ठी आली. मावसभावाच्या टाचणीवरची चिठ्ठी ती हीच. रिट्झची भर प्रकाशाची. वरून अंगावर येणारा पांढरा झोत त्याला खपायचा नाही. असं सांगतात, की वेगवेगळ्या रंगांच्या छटा तो बायकोला समोर बसवून तिच्या चेहऱ्यावर तपासायचा, आणि शेवटी त्याने जर्दाळूच्या गुलाबीसर रंगावर बोट ठेवलं. बाईच्या चेहऱ्याला जो उजेड शोभतो तो खोलीला शोभतो, असा त्याचा हिशेब.

पहिल्या महायुद्धानंतर रशियन सरदार संपले आणि हिवाळी गिऱ्हाईक अर्धं झालं. मग मोनॅकोवाल्यांनी एल्सा मॅक्सवेलला पाचारण केलं. आयोवा राज्यातल्या एका गावातली ही बाई, स्वतःजवळ पैसा नाही, रूप नाही, घराणं नाही. पण दुसऱ्याच्या पैशाने तिसऱ्याला मेजवानी देण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘ट्रेझर हंट’चं वेड पॅरिसच्या श्रीमंतांना लावणाऱ्यांत ती पुढे होती. माँते कार्लोत उन्हाळ्यात माणसं कशी येतील, हे काम तिच्यावर सोपवलं गेलं. मोबदला घेऊन प्रतिष्ठित पाहुणे जमवायचे, हा धंदा तेव्हापासून राजरोस झाला.

राहिली शेवटची गोष्ट, पुण्यकर्म. 1948 मध्ये मोनॅकोची रेडक्रॉस संस्था स्थापन झाली आणि तिच्यासाठी दरवर्षीचा उन्हाळी गाला सुरू झाला: जेवण, गाणं, सोडत आणि शेवटी समुद्रावर आतषबाजी. योगायोग असा की त्याच वर्षी न्यूयॉर्कात एलेनॉर लँबर्टने मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या पोशाख विभागासाठी मध्यरात्रीची मेजवानी भरवली, तिकीट 50 डॉलर. तो आजचा मेट गाला. पोशाखावरून निघालेला शब्द तिथे पुन्हा पोशाखाच्या पेटाऱ्यापाशी येऊन टेकला. 1954 मध्ये मोनॅकोत वसंतातला गुलाबांचा बॉल सुरू झाला, 1956 मध्ये हॉलिवूडची नटी ग्रेस केली राणी होऊन आली, आणि मग निमंत्रणासाठी कोणाला गळ घालायची गरज उरली नाही.

ह्या उलाढालीत दरबारचा व्यवहार मात्र उलटा झाला. आग्र्यात नजर देऊन खिलत मिळायची. इथे पाहुणा टेबलाचे पैसे मोजतो आणि पोशाखही स्वतःच शिवून आणतो.

आपल्या बडोद्याची सावलीही ह्या गावावर पडून गेली आहे. महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांच्या दुसऱ्या पत्नी सीतादेवी माँते कार्लोत राहायला गेल्या. खजिन्यातले दागिने तिकडे गेले, आणि 1951 मध्ये भारत सरकारने महाराजांना गादीवरून काढलं. सीतादेवींनी पाचू-हिऱ्यांचे पैंजण जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनला विकले. त्याने त्यांचा गळ्यातला हार केला आणि तो विंडसरच्या डचेसने घेतला. 1957 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बॉलला डचेस तो हार घालून आल्या. तिथे सीतादेवीही होत्या. सगळे हाराची वाखाणणी करत असताना त्यांनी सहज सांगितलं म्हणे, की माझ्या पायात होते तेव्हाही छान दिसायचे. डचेसने हार परत केला.

आणि 1974 चा उन्हाळा. मोनॅकोत समुद्राला खेटून नवं सभागृह उभं राहिलं होतं, छत सरकून तारे दिसतील असं, म्हणून नावही ताऱ्यांचं. रेडक्रॉस गालाचा त्या वर्षीचा मुख्य कलावंत होता सॅमी डेव्हिस ज्युनियर. गालाआधीच्या एका पार्टीच्या निमंत्रणावरून त्याचं बिनसलं आणि तो मंचावर आलाच नाही. ऐन वेळी जी मंडळी धावून आली त्यांत गायिका-नर्तकी जोसेफिन बेकर होती. कर्जापायी तिचं घर लिलावात गेलं होतं, आणि ग्रेसच्या मदतीने ती मोनॅकोच्या सीमेवरच्या रोकब्रूनमध्ये राहत होती. पहिल्या टेबलावर तिला कोणी बसवलं नव्हतं. 68 वर्षांची ती बाई उठली आणि मंचावर गेली.

मावसभावाला हे सांगितलं. त्याने मान डोलावली, आणि त्या रुसणाऱ्या गृहस्थांची चिठ्ठी पहिल्या वर्तुळाभोवती अकरावी टाचणी म्हणून खोचली.